घरची माणसं आहेत ना!

माझी मांजरी उपाशी मरायला टेकली ती माझ्या घरच्यांच्या चांगुलपणामुळे. नातेवाइकांत हे बोललो तेव्हा हा डोक्यावर पडलाय की काय, अशा नजरेने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडलो होतो, पण डोक्यावर नाही. खोपटला एसटी डेपोसमोर रिक्षाने उडवलं आणि मांडीचं हाड मोडलं.

मी एकटा माणूस. कोपरीतल्या फ्लॅटमध्ये मी आणि एक म्हातारी मांजरी, तिला किडनीचा त्रास, रोज एक गोळी. आपल्याला अचानक काही झालं तर हिचं काय, याचा विचार मी करून ठेवला होता. शेजारच्या ताईंकडे जादा किल्ली दिलेली. परक्या माणसाची चाहूल लागली की मांजरी माळ्यावर ट्रंकांच्या मागे जाऊन बसते, कितीही हाका मारा, येत नाही. वाटीवर चमचा वाजवायचा आणि गप्प बसून राहायचं, मग ती उतरते. गोळी उकडलेल्या माशात लपवायची. हे सगळं मी ताईंना शिकवलं आणि त्यांना ते माझ्यापेक्षा बरं जमायला लागलं. हॉस्पिटलच्या स्ट्रेचरवरून मी पहिला फोन केला तो त्यांनाच.

"भाऊ, तुम्ही पायाचं बघा," त्या म्हणाल्या. "मांजरीला मी हाय ना."

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून दादा आणि वहिनी आले. माझे कपडे आणायला वहिनी घरी गेल्या आणि त्यांनी ताईंकडून किल्ली मागून घेतली. गोड बोलून, वर पेढ्यांचा पुडा देऊन. "घरची माणसं आहेत ना आता, तुम्हाला कशाला त्रास?" आमच्याकडे ही रीतच आहे. सख्खा भाऊ असताना शेजारीण घरात वावरते हे बरं दिसत नाही. ताईंनी मांजरीचं विचारलं. "बघतो की आम्ही," वहिनी म्हणाल्या. यापुढे ताई काय बोलणार?

आणि यांनी बघितलं! देवापुढे रोज दिवा लावला, घरात अंधार राहू नये म्हणून. तुळशीला पाणी घातलं. मांजर दिसलं नाही म्हणून ते बाहेर भटकायला गेलं असेल असं ठरवलं. वाटीतल्या खाण्याला मुंग्या लागल्या म्हणून वाटी घासून पालथी घातली, शेजारचं पाण्याचं भांडंही. धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या. तुळशीला पाणी, मांजरीला नाही! हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

मी रोज विचारायचो, "गोळी खाते का?"

"खाते, खाते. तू शहाळं पी," दादा म्हणायचा.

एकदाही दिसली नव्हती ती त्यांना. पण आजारी माणसाला टेन्शन द्यायचं नाही, म्हणून खोटं बोलायचं. आणि मी रोज वर त्यांचे आभार मानत होतो.

भिंतीपलीकडून बारीक ओरडणं ताईंच्या कानावर येत होतं. पण घरची माणसं येऊन-जाऊन आहेत, आपण मधे कसं बोलायचं, या संकोचात त्या राहिल्या. ओरडणं बंद झालं तेव्हा त्यांना राहवेना. भेटायच्या वेळेला त्या तडक वॉर्डात आल्या आणि वहिनींच्या देखतच म्हणाल्या, "भाऊ, मांजरीचा आवाज येत नाय."

मी एवढ्या जोरात ओरडलो की नर्स धावत आली. दादा म्हणाला, "अरे, मांजरच ते. दुसरं आणू." पायाला वजन बांधलेलं नसतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. ताईंनी वहिनींपुढे हात केला, किल्ली घेतली आणि त्या निघून गेल्या.

मांजरी ट्रंकांच्या मागे सापडली. मान उचलत नव्हती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ती वाचली, पण किडनी आणखी बिघडली ती बिघडलीच. आता तिला नेहमी सलाईन टोचून घ्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी ती माझ्या हातात थरथरते.

वहिनी रडल्या. डोंबिवलीहून रोज येणं, डबा आणणं, हल्ली कोण करतं एवढं, असं सगळे मला सुनावतात. खरं आहे, कोणी करत नाही. म्हणून तर जास्त चीड येते. ज्यांनी आपल्यासाठी एवढं केलं त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

मी वॉकर घेऊन चालायला लागलो तेव्हा दादाने किल्ली मागितली. पुढेमागे काही झालं तर आपल्याकडे असावी म्हणाला. मी नाही म्हटलं. "पहिला फोन ताईंनाच जाईल. तुम्हाला त्या कळवतील."

"म्हणजे आम्ही परके?"

"परके असतात तर बरं झालं असतं, दादा," मी म्हणालो. "परक्याला मी दहादा विचारलं असतं, फोटो मागितला असता. तू 'खाते' म्हणालास आणि मी निवांत झोपलो."