दात टिपणारा कॅमेरा

नोकरीत किती तरी गुन्हे पाहिले आणि विसरलो, पण दातांच्या कॅमेऱ्याचं ते प्रकरण काही केल्या विसरता येत नाही.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. रायपूर राजधानी झालेलं, त्यामुळे रोज कोणी ना कोणी मंत्री यायचा आणि माझ्या ठाण्याचे निम्मे शिपाई बंदोबस्तातच उभे असायचे. अशाच एका सकाळी ब्राह्मणपाऱ्यातले दातांचे डॉक्टर धावत आले. दवाखान्याचं कुलूप तोडून कोणी तरी त्यांचा कॅमेरा नेला होता.

मी मुन्शीला म्हटलं, "लिही, एक कॅमेरा."

डॉक्टर भडकले. "साहेब, साधा नाही तो! दात-हिरड्या जवळून टिपायलाच बनवलाय. भिंगाभोवती गोल फ्लॅश आहे. हातभर अंतरापलीकडचं त्याला धड दिसत नाही. आणि कॅमेरा गेला खड्ड्यात, मला आतला रोल पाहिजे."

त्या रोलवर गुढियारी वस्तीतल्या एका सुनेचे फोटो होते. नवऱ्याने मारून तिचे समोरचे दोन दात पाडले होते. सासरचे सांगत, नळावर घसरून पडली. डॉक्टरांनी आधी फोटो काढले, मग टाके घातले. आता जखमा भरत आल्या होत्या. रोल गेला म्हणजे तिची केस गेली.

मी सरळ नवऱ्यालाच उचललं. दोन दिवस उलटसुलट विचारलं, पण चोरीच्या वेळी तो मालधक्क्यावर पाळीवर होता आणि तिथले चार जण तसं सांगत होते. माझा अंदाज साफ चुकला.

तिसऱ्या दिवशी गोल बाजाराजवळ घड्याळं-कॅमेरे दुरुस्त करणारा एक म्हातारा आला. तो माझा जुना खबरी. म्हणाला, "साहब, एक फोटोग्राफर कैमरा बनाने दे गया है. लेंस के चारों तरफ गोल बत्ती है. बोलता है, दूर का सब धुंधला दिखता है."

मला हसू आवरेना. चोरीचा माल लोक लपवतात, विकतात. या पठ्ठ्याने तो दुरुस्तीला टाकला होता! लग्नसराई तोंडावर आली होती ना.

फोटोग्राफरला कॅमेऱ्यासकट ठाण्यात आणलं. विदर्भातून आलेला, तिशीचा, बोलायला चुरचुरीत. "साहेब, माहाच कॅमेरा हाय. दोन वरसांपासून यानंच लग्नं करून राहिलो."

"वा! मग आमचाही एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे."

हवालदार, मुन्शी आणि मी दारासमोर रांगेत उभे राहिलो. हवालदाराने तर मिशीही सारखी केली. गडी डोळा लावून भिंग फिरवू लागला. काही जमेना. एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक. शेवटी हवालदाराच्या नाकासमोर येऊन थांबला.

"काहून बे, लग्नात नवरदेवाच्या नाकाचेच फोटो काढत होतास का?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

सगळं ठाणं हसलं. तो मटकन खाली बसला. "चुकलं साहेब."

माझं हसू मात्र थांबलं. "रोल कुठं हाय?"

"आतच हाय. अर्धा कोरा होता साहेब, वाया काहून घालवाचा?"

तेव्हा रोल महाग. भरल्याशिवाय कोणताही फोटोग्राफर तो बाहेर काढत नसे, चोरीचा असला तरी! त्याच्या चिक्कूपणाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तेवढ्यात मुन्शी झाकण उघडून पाहायला लागला. "हात लावू नको, उजेडाने फोटो जातील!" मी असा ओरडलो की कोठडीतला आरोपीसुद्धा उभा राहिला.

तो रोल स्लाइडचा, रायपुरात धुतला जात नसे; म्हणून पंचनामा करून डॉक्टर आणि एका शिपायाबरोबर नागपूरला धुवायला पाठवला. फोटो आले आणि मी खुर्चीतून उठलोच. तुटलेले दात, फाटलेला ओठ, आणि गालावर ठसठशीत चौकोनी वळ. नवऱ्याच्या बोटात चौकोनी खड्याची जाड अंगठी होती. त्या कॅमेऱ्याच्या भिंगावर फोटो किती पटीत घेतला त्याचे आकडे असतात, त्यावरून फोटोतल्या खुणेचं खरं माप निघतं. डॉक्टरांनी कोर्टात मोजून दाखवलं. अंगठी तंतोतंत जुळली. नळाला काही अंगठी नसते! नवऱ्याला शिक्षा झाली. त्या दिवशी आम्ही ठाण्यात जिलेबी वाटली.

आठवड्याने ती सून स्वतः पेढे घेऊन आली. मी छाती फुगवून म्हणालो, "बघ बाई, पोलिसांनी करून दाखवलं की नाही?"

"हव साहेब," ती शांतपणे म्हणाली. "पण मी दोन वरसांपासून सांगून राहिली होती. याच ठाण्यात दोनदा आली. फोटो पाह्यला, तवा सगळ्यांनी ऐकलं."

ती गेल्यावर मी जुने रोजनामचे काढायला लावले. दोन्ही नोंदी सापडल्या. 'घरगुती भांडण. समजावून परत पाठवले.' दोन्हींखाली माझीच सही होती.

लाज वाटली, खूप वाटली. पुढे निवृत्त होईपर्यंत मार खाऊन आलेल्या एकाही बाईला मी समजावून परत पाठवलं नाही. आधी तिची तक्रार लिहून घेतली, पुरावा मग शोधला.