घड खाली ठेवला

सरांनी फळ्यावर लिहिलं, क्रांती. खाली अर्थ लिहिला, अचानक आणि जोरदार बदल. मग म्हणाले, वाक्यात उपयोग करा.

शाहपूरची शाळा, मराठीत हिंदी मिसळणाऱ्या सीमेवरची. आठवीचा वर्ग. पोरं पुस्तकातल्या क्रांत्या सांगत होती. मी हात वर केला. विचारलं, आमच्या वस्तीत नळ आला, त्याला क्रांती म्हणता येईल का?

सरांनी माझ्या कपड्यांवरचे केळीच्या चिकाचे काळे डाग पाहिले. ते डाग धुऊन जात नाहीत.

"नळाने काय होते? तुझा बाप ज्या दिवशी घड जमिनीवर ठेवेल ना, त्या दिवशी क्रांती. समझी?"

वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

आमच्याकडे केळीचा घड कापला की जमिनीवर ठेवत नाहीत. साल दबते, काळी पडते, व्यापारी माल नाकारतो. झाडापासून गाडीपर्यंत एका दमात न्यायचा. मान मोडली तरी. बाबांनी जन्मभर तेच केलं. संध्याकाळी त्यांना सरांचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, सर बरोबर बोलले, घड खाली ठेवायचा नसतो. मग जेवायला बसले.

पुढच्या वर्षी शाळा सुटली. डोक्यावर चुंबळ आली.

शब्द मात्र भेटत राहिला. खताच्या पोत्यावर. ठिबकच्या जाहिरातीत. निवडणुकीच्या भोंग्यातून. ज्याला काही विकायचं असायचं, त्याच्या तोंडी क्रांती. ऐकून काही वाटेनासं झालं.

मी दापोऱ्याच्या एका पाटलांच्या बागेत कापणीला जायचे. तिथली रीत अशी. हंगामाचा पहिला घड देवळात जातो. तो आतून बांधापर्यंत मीच आणायचा. बांधावर पाटलीणबाई त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडणार, मग त्यांचा पुतण्या तो उचलून देवळात नेणार. बाकीचे घड माझ्याच डोक्यावरून गाडीत जायचे. ते घड माणसं खातात, त्यांना पाणी लागत नाही. मी अकरा हंगाम हे पाहिलं. गप्प राहिले. राग यायचा, पण लांबून कुठून तरी.

मागच्या हंगामात बांधावर मंडप होता. शहरातून पाहुणे आलेले. मागे फलक, केळी क्रांती. मी पहिला घड घेऊन पोहोचले तेव्हा पाटील माईकवर बोलत होते. पुतण्याने हाताने थांब म्हणून खुणावलं. मी थांबले. खाली ठेवता येत नव्हता. मानेत कळ उठली, मग मान बधिर झाली. पाटील क्रांती, क्रांती म्हणत होते. मला बाबा आठवले. सर आठवले. माझं हसणं आठवलं.

टाळ्या झाल्या. पाटलीणबाई तांब्या घेऊन आल्या. "हलू नको गं, पाणी टाकू दे आधी."

मी गुडघे वाकवले. घड उतरवला. जमिनीवर ठेवला. आपटला नाही.

 पाटील मंडपातून खाली उतरले. "काय केलं हे? डाग पडेल ना."

"पडू द्या," मी म्हटलं. "माझ्या डोक्याने बाटतो तर आतून तुम्हीच आणायचा होता, पाटील."

"कल से मत आना," पुतण्या म्हणाला.

मी चुंबळ सोडली, फडकं झटकलं, रस्त्याला लागले. आनंद झाला नाही. भीतीही वाटली नाही. काहीच बदललं नव्हतं. मागे गाडी भरणं सुरू झालं होतं, माझ्याच वस्तीच्या बाया भरत होत्या.

आता मी देडतलाईकडे जाते कामाला. बाग दुसरी, रीत तीच. कापणीच्या पहिल्याच दिवशी मी मालकाला सांगून ठेवलं आहे. गाडीत जाणारा प्रत्येक घड मी नेईन, एकाला डाग पडू देणार नाही. ज्याच्यावर पाणी शिंपडायचं असेल, तो मी बांधावर जमिनीवर ठेवणार. दर हंगामाला ठेवणार.