मध्य भारताची लाकडं

जगदेवराव मान्यांनी लागोपाठ दोन राज्यांची चाकरी केली, तीही ग्वाल्हेरच्या दौलतगंजातलं राहतं घर न सोडता. राज्यंच त्यांच्या अंगावरून निघून गेली. आधी ते संस्थानच्या घोडदळात दफेदार होते. संस्थान विलीन झालं, फौज विलीन झाली. घोडे कशात विलीन झाले ते कुणी सांगितलं नाही. मग मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं आणि त्याने जगदेवरावांना सरकारी सामानावर नेमलं. या राज्याला एक राजधानी पुरत नसे. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सरकार वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवायचं आणि कपाटं, टाइपरायटर, फायलींचे गठ्ठे बांधून रवाना करायचे ते जगदेवरावांनी. तलवारीच्या हातात सुतळी आली. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त गाठ मारून झाली की मिशीला पीळ देत.

सामानाला ओल लागू नये म्हणून त्याखाली फळ्या ठोकून केलेले जाड चौकोनी तराफे घालत. आठ वर्षं हे तराफे ग्वाल्हेर-इंदूर फिरत राहिले. मंत्री सोडले तर राज्यात एवढा प्रवास कुणाचाच झाला नसेल.

छप्पन सालच्या दिवाळीत तेही राज्य आटोपलं. राजधानी भोपाळला गेली. सामान नव्या खोक्यांतून गेलं आणि तराफे कचेरीच्या मागच्या आवारात पडून राहिले. थंडी वाढली तसा चौकीदार एकेक तराफा शेकोटीत घालू लागला. जगदेवराव कचेरीत मागे उरलेल्या एका बाबूंकडे गेले.

“बाबूजी, ये लकड़ी हम घर ले जाएँ?”

बाबूंनी सावकाश चष्मा पुसला. “लकड़ी मध्य भारत की है. मध्य भारत तो रहा नहीं. इजाज़त कौन दे?”

“तो जलाने की किसने दी?”

“जलाने की इजाज़त नहीं लगती, माने साहब. ले जाने की लगती है.” मग बाबूंना दया आली. “मैं चाय पीने जा रहा हूँ,” ते म्हणाले, आणि सरकारी नोकरालाच जमेल इतका वेळ चहा पीत बसले. तेवढ्यात जगदेवरावांचा हातठेला दोनदा घरी जाऊन आला.

“सरपण आणलंत? बरं झालं,” त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या.

“सरपण नाही. अंगणात बैठक करणार आहे. गल्लीतली माणसं उन्हात बसतील, चार गोष्टी होतील.”

“गोष्टी उभ्यानेही होतात की.”

पण जगदेवरावांना बसलेली माणसं हवी होती. कचेरी रिकामी झाल्यापासून त्यांच्याशी धड कुणी बोललं नव्हतं. गल्लीत प्रत्येक जण कालपर्यंत कुणीतरी होता आणि आज आपापल्या ओट्यावर एकटाच बसून होता.

सुतारकाम त्यांना येत नव्हतं, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. तराफ्यांचे खिळे उपसताना फळ्या चिरल्या, अंगठा काळानिळा झाला. शेवटी त्यांनी एकावर एक तराफे रचले, वर सतरंजी घातली आणि समोरच्या दिनकररावांना सन्मानाने बोलावलं. दिनकरराव दरबारच्या दफ्तरातले जुने अधिकारी. दरबार उठला होता, पण दिनकरराव अजून उठायचे होते. ते ऐटीत बसले, वरचा तराफा सरकला, आणि धोतर-पगडीसकट ते मंदाताईंच्या तुळशीपाशी जाऊन पडले.

जगदेवरावांनी सगळं मोडून पुन्हा मांडलं. या वेळी तराफे खालून आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना जखडले, उभ्या फळ्या ठोकून एका बाजूला, निम्म्या बाकापुरती, पाठ केली, कुसळं जाईपर्यंत रेगमालाच्या खरखरीत कागदाने घासलं, वर जवसाचं तेल दिलं. बाक खरोखर उभा राहिला. सगळ्यांत आश्चर्य त्यांनाच वाटलं.

दिनकरराव पुन्हा आले, पण बसेनात. “पाठीच्या बाजूला कोण बसणार? आमच्या आजोबांची जागा दरबारात उजवीकडे होती.”

“आमचे आजोबा मागे भाला घेऊन उभे असायचे,” जगदेवराव म्हणाले. “म्हणून म्हटलं, आता आपण बसू या.”

“मग मानाचं काय?”

“मान भोपाळला गेला, दिनकरराव. मीच बांधून पाठवला.”

दिनकरराव तडक घरी गेले आणि महिनाभर आपल्या सावलीतल्या ओट्यावर बाणेदारपणे कुडकुडत बसले. इकडे त्यांच्याच पत्नी इंदुताई रोज दुपारी मंदाताईंबरोबर त्या बाकावर मटार सोलत. उजवं-डावं त्यांनी पाहिलं नाही; ऊन कुठे आहे ते पाहिलं.

मग जगदेवरावांना निरोप आला. सामान भोपाळला पोचलंय, आता सामानवाल्यानेही यावं. जगदेवराव बाकावर येऊन बसले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने अनोळखी गावात पुन्हा सुतळी धरायची, या विचाराने त्यांना अगदी नकोसं झालं.

समोरचं दार वाजलं. दिनकरराव आले आणि पाठ नसलेल्या टोकाला बसले.

“भोपाळला निघालात म्हणे.”

“जावं लागणार.”

“आमचा मधुसूदन तिकडेच गेला. सूनही गेली.” दिनकरराव बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिले. “मी म्हणतो, या लाकडाला तेल कोण देणार? मला तर सवय नाही.”

जगदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या हयातीत या माणसाने कुणाला ‘जाऊ नका’ म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही.

“बरोबर आहे,” जगदेवराव म्हणाले. “तेल द्यायला कुणीतरी हवंच.”

ते गेले नाहीत. आपला निर्णय ऐकून मंदाताई रडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मग आता पोटापाण्याचं काहीतरी ठोका.”

ते त्यांनी शब्दशः घेतलं. बिर्ला नगरच्या कापडगिरणीत यंत्रं येत, ती असल्याच तराफ्यांवर. ती लाकडं आणून त्यांनी टोपी बाजारातल्या एका हलवायाला दुकानापुढे दोन बाक करून दिले. आठवड्यात हलवाई तक्रार घेऊन आला. “दफेदार साहब, अगली बेंच ज़रा कम आराम की बनाइए. ग्राहक उठते ही नहीं.”

जगदेवराव त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विनाकारण शीळ घालत होते.