खालांची गाणी मी खुली ठेवली

माफ करा, काही लिहावं इतका मी मोठा नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि लिहायला घेतलं तेही हे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अन्वरला तर नाहीच.

अन्वर नांदेडला माझा रूम पार्टनर. मी लातूरकडचा, म्हणून रविवारी तो मला मुदखेडला आपल्या घरी न्यायचा. त्याच्या अम्मीला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. हळदीला बायकांच्या खोलीत त्या गायच्या—व्याह्यांची टिंगल, नवऱ्याच्या नावानं चावट शिव्या. दुसऱ्या मोहल्ल्यातून बायका ऐकायला यायच्या. दार लावून. पुरुषांनी ती ऐकायची नाहीत, अशी रीत.

एम.ए.च्या प्रकल्पाला मला नेमकी तीच गाणी हवी होती. खाला नको-नको म्हणाल्या, मग एका अटीवर कबूल झाल्या. रेकॉर्डिंग अन्वरची बहीण शबाना करेल, लिहूनही तीच देईल. "मर्दां के कान पर नक्को पडना, बेटा." मी मान डोलावली. रेकॉर्डिंगच्या वेळी मला आणि अन्वरला त्यांनी स्टेशनवर पिटाळलं.

प्रकल्पाला जोडायला म्हणून शबानानं रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्हही माझ्याकडे दिला. लातूरच्या एसटीत मी इअरफोन लावून सगळी ऐकली. हेही सांगून टाकतो.

प्रकल्प संपला तेव्हा सर म्हणाले, "रेकॉर्डिंग एखाद्या ऑनलाइन डेटा-संग्रहात ठेव, न्हाईतर पेनड्राइव्हसोबत मरंल." त्यांचं काही चुकलं नाही. माझ्यापुढं दोन संग्रह होते. एकात आधी परवानगी मागायची, कोणाला ऐकवायचं ते आपण ठरवायचं—जणू खालांसाठीच केलेली सोय. दुसरा परदेशातला, पण तिथंही 'मर्यादित' असा पर्याय होताच. मग मी 'सर्वांसाठी खुले' का निवडलं? चुकून?

नाही. खुल्या फाइलखाली किती जणांनी ती उतरवून घेतली, तो आकडा दिसतो. आणि वर माझं नाव. माझ्या वडिलांना, बापूंना, मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, "समद्या जगाला दिसतंय व्हय?" तेवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं.

खालांना सांगितलं—कुलपात ठेवलीत.

पुढच्या वर्षी मुदखेडच्या चौकात, कुणाच्या तरी वरातीत, डीजेवर खालांचा आवाज वाजला. खाली ठेका, वर त्यांचं गाणं, समोर पोरं नाचतायत. अन्वरचा फोन आला. अम्मीचं गाणं चौकात पोचलंच कसं, म्हणून विचारत होता. मी काय म्हणालो? कुणीतरी चोरलं असेल. उलट तोच मला समजावू लागला, "तू कशाला मनाला लावून घेऊन राहिला? तुझी काय गलती?" मोहल्ल्यातल्या बायकांनी माझं नाव काढलं, तर खालांनी त्यांना गप्प केलं. वो घर का बच्चा है, म्हणाल्या. कुणी दगा दिला, म्हणून सगळं घर हळहळत होतं—आणि मी त्यांच्यात बसून, त्यांच्याच ताटात जेवत, हळहळत होतो.

फाइल मी नंतर बंद केली. पण उतरवून घेतलेल्या प्रती कशा परत बोलावणार?

गेल्या महिन्यात शबानाचं लग्न झालं. परीक्षेचं निमित्त सांगून मी गेलो नाही. काल अन्वरनं फोनवर सांगितलं. हळदीला खोली भरली होती, दार लावलं होतं, बायका वाट बघत होत्या. खाला गायल्या नाहीत. शेवटी शबानानंच हात धरला—अम्मी, एक तरी.

"मेरे गाने अब चौक में बजते," खाला म्हणाल्या. "वहीं जाके सुन लेव."