हात न लावता

"हात पुढे कर."

मी केला. साहेबांनी वीतभर उंचीवरून कापसाचा पुंजका माझ्या तळव्यावर टाकला. तो भेगांत अडकला. हात उलटा केला तरी पडेना. समोरचे व्यापारी हसले. साहेब म्हणाले, "पाहा. याला म्हणतात हार्श."

जऊळक्याच्या जिनातली, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली गोष्ट. साहेब कापसाची प्रत ठरवायचे. चिमूट ओढायची, बोटांत चोळायची, की एक इंग्रजी शब्द. खरखरीत कापूस तो हार्श. व्यापारी नवीन असले की मला हाक. नमुना दाखवायला माझा हात लागायचा.

आणि मी जायची. नवरा वारला, सासरचं आसेगाव सुटलं. भावजयीच्या घरात भाकर घशाखाली उतरेना. शाळा तिसरीतच सुटलेली. या माणसानं मला किडका कापूस निवडायच्या कामावर घेतलं. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या कोणालाच घेतलं नव्हतं. ते उपकार मी रोज आठवायची. काही चुकलं तर? काढलं तर? हात पुढे करताना मी हसायचीसुद्धा. ते हसू आजही मला सलतं.

शेजारी बसणारी शेवंता म्हणायची, "कायले जातं वं? जत्रेतलं अस्वल हाय का तू?"

"मंग खाऊ काय?"

ती पुन्हा कापूस निवडायला लागायची. जिनाबाहेर तिलाही काही नव्हतं.

तेव्हा स्टेशनवर तारमास्तर बदलून आले. आमच्यातलेच. त्यांच्याकडे इंग्रजीचा जाडा कोश होता. मी विचारलं, "मास्तर, हा हार्श शब्द आला कुठून?"

त्यांनी पानं उलटली. "जर्मनांकडून आला दिसते. मूळचा केसाचा. केसाळ, राठ. हाताले खुपते ते. मंग आवाजाले लागला, शिक्षेले लागला, मानसाच्या वागन्याले लागला."

"म्हंजे पह्यले हात लावा लागते?"

"हो बाई. लावल्याबिगर कसं समजीन?"

मी तिथंच उभी राहिले. ओला, किडका, मातीत पडलेला, कसलाही कापूस साहेब बोटांत धरायचे. चोळायचे. मगच शब्द. मला नुसता शब्द. बोट कधी लागलं नाही. पुंजका वरून. शिवाशीव कायद्यानं बंद झाली म्हणत. कायदा आमच्या जिनाच्या फाटकाबाहेरच उभा असावा.

पुन्हा हाक आली. "हात पुढे कर."

केला. पुंजका पडायच्या आत मी बोलले, "साहेब, कापसावानी चोळून पाहा. मंग म्हना."

व्यापारी हसायचे थांबले. साहेबांनी आपला हात मागे ओढला. कोटाला पुसला. न लागलेला हात. "माजलीस. उद्यापासून फाटकाच्या आत दिसू नकोस."

शेवंतानं मान वर केली नाही. तिला दोष नाही.

मेडशीच्या सडकेवर खडी फोडायला गेले. परतायला घर नव्हतं, आजही नाही. भीती गेली असं कोणी समजू नये. मुकादम ओरडला की अजून मी दुप्पट वेगानं खडी फोडते. पण तमाशासाठी मी हात पुढे करणार नाही. माझ्याबद्दल ज्याला शब्द काढायचा, त्यानं आधी जवळ यावं. यायचं नसेल तर तोंड मिटावं. उद्याची भाकर जाणार असेल, तरी हे मी त्याच्या तोंडावर सांगणार.