भाजीबाजारासमोरचं हॉटेल

अबुधाबीत आम्हाला पत्ता असा नव्हताच. पत्रं ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर यायची आणि घरी येणाऱ्याला सांगायचं, "शवर्मावाल्याच्या मागे, निळ्या काचांची बिल्डिंग." शवर्मावाल्याने दुकान हलवलं तेव्हा आम्हाला सगळ्या ओळखीच्यांना नव्याने फोन करावे लागले होते. तिथे आठ वर्षं मी मजेत काढली, म्हणजे नवरा गाडीतून नेईल तिथे जात. गाडी शिकायचा विषय मी दर हिवाळ्यात काढायची. तो म्हणायचा, "इन्शाल्ला. पण तू हरवशील गं." त्या इन्शाल्लातला नकार मला एव्हाना चांगला ओळखता येत होता.

मग नव्वदीच्या अखेरीस कधीतरी त्याला ऑफिसने पाच दिवसांच्या ट्रेनिंगला व्हिएन्नाला पाठवलं. माझं तिकीट आम्ही काढलं. मुलाला शेजारणीकडे ठेवलं. "ब्रिंग चॉकलेट्स," एवढाच त्याचा निरोप.

नवऱ्याचा प्लॅन तयार होता. "दिवसभर मस्त आराम कर. पाचनंतर सिटी बघू." आखातात मुरलेल्या माणसाचा प्लॅन! आमच्याकडे दुपारी शटर खाली आणि रात्री दहापर्यंत बाजार गजबजलेला. इथे आम्ही नटूनथटून सहाला राजवाड्यापाशी पोचलो, तर फाटक बंद. दुसऱ्या दिवशी म्युझियम बंद, त्याच्या शेजारचं दुकानही बंद. दोन दिवसांत मी युरोपातली कुलपं तेवढी पाहिली. त्या रात्री मला अगदी रडू यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, "आज मी एकटी जाणार. पाचच्या आत परत आले, तर अबुधाबीला गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझी फाईल उघडायची. इन्शाल्ला चालणार नाही."

टाय बांधता बांधता तो हसला. "ओके, डन. पण हरवलीस, तर खलास. विषय बंद."

हॉटेलचं नाव हातभर लांब आणि जर्मन. त्याचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, आणि किल्ली मी काउंटरवर दिलेली. पण मला काळजी कसली? हॉटेलसमोरच्या चौकात भाजीबाजार भरला होता. कोबीचे डोंगर, भोपळे, फुलं. झाला पत्ता! तिथूनच ट्राम पकडली.

राजवाडा मी पोटभर पाहिला. आरशांच्या दालनात स्वतःलाही पाहून घेतलं. मग बागेतल्या बाकावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. शेजारच्या आजीबाईंना एक दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरी घेतली.

साडेतीनला परतीची ट्राम घेतली आणि खिडकीला डोळे लावून भाजीबाजाराची वाट पाहत बसले. एक चौक गेला, दुसरा गेला, दहावा गेला. बाजार कुठेच नाही. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरने हातानेच उतरायची खूण केली. हॉटेलचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घड्याळात सव्वाचार. इतक्या वर्षांची फाईल हातची जात होती, आणि त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याचंच खरं ठरत होतं.

उलट जाणाऱ्या ट्राममध्ये बसले. या वेळी वर बघायचं सोडून खाली बघायला लागले. बाजार उठला असेल, पण मागे काहीतरी सांडलं असेलच की. सहाव्या का सातव्या स्टॉपला एक माणूस पाइप लावून रिकामा चौक धूत होता आणि गटाराच्या जाळीवर कोबीच्या पानांचा ढीग अडकला होता. मी जवळजवळ उडीच मारली. समोर आमचं हॉटेल!

पाचला दहा कमी असताना मी खोलीत होते.

तो आल्यावर मी सगळं सांगितलं. आरसे, बाग, आजीबाई. तिथेच थांबता आलं असतं. पण खोटं बोलून मिळवलेलं लायसन्स मला नको होतं. "आणि मी हरवले होते," मी म्हटलं. कोबीच्या पानांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

तो बुटाची नाडी सोडायला वाकला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मीपण हरवलो होतो, उलट्या ट्राममध्ये बसून. घाबरलो आणि टॅक्सी केली. तुला बोललो नाही." बूट बाजूला ठेवत विचारलं, "तू टॅक्सी नाही केलीस?"

"नाही."

"मग फाईल उघडू."

चौथ्या टेस्टला मी पास झाले. पहिल्यांदा गाडी एकटीने काढली ती बंदराजवळच्या भाजीबाजारात जायला. तो खालपर्यंत आला. मला वाटलं, आता शेजारी बसतो आणि सूचना सुरू करतो. त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली, दार लावलं आणि खिडकीतून म्हणाला, "हरवलीस, तर ये परत."