दाजींनी बदललेली टाकी

दाजी गेल्याचा आक्काचा फोन आला तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. निम्मी दाढी झालेली, निम्मी साबणात. तसंच तोंड पुसून मानवत गाठलं. दाजींना शेवटचं बघताना रडू कोसळलं आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस आत्ता उठेल आणि म्हणेल, "मेव्हणे, उरलेली दहाव्याला का?" आता महिना होत आला... आठवतात ते हसवणारे दाजीच.

मानवतला त्यांचं गॅरेज होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. सेलूच्या एका जिनिंगच्या आवारात कुण्या परदेशी साहेबाची राहायची मोटार गंजत पडली होती. आत झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा छोटा संडास. दाजींनी ती ओढून आणली. सगळी आळी हसली, मीही हसलो. "घर सोडून मोटारीत राहायलाव का दाजी?" दाजी म्हणाले, "मामींना पोखर्णीला न्यायचंय."

मामी म्हणजे माझी आई, त्यांची सासू. तिला साखरेची बीमारी, घटकेघटकेला उठावं लागे. पोखर्णीचा नरसिंह आमचं कुलदैवत. पण एसटीत पंचाईत नको म्हणून ती आदल्या सांजेपासून पाण्याचा घोट घेत नसे. एका वैशाखात परभणीच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली आणि तेव्हापासून यात्रा सुटली. "इथूनच हात जोडते देवाला," म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची. जावयासमोर हे दुखणं बोलायची सोयच नव्हती. दाजींना ते आक्काकडून कळलं होतं.

इंजिन आठ दिवसांत सुरू झालं. घोडं अडलं ते संडासाखालच्या टाकीपाशी. घाण साठवायची ती टाकी गंजून तिची पार चाळण झाली होती. दाजींनी भंगारातून जाड पत्रा आणला, कापला, वेल्डिंग केलं, खाली तोटी बसवली, वास वर जावा म्हणून टपापर्यंत नळी नेली. मग टाकीत नीळ कालवलेलं पाणी भरून मला गाडीखाली झोपवलं. "निळा थेंब दिसला की वरडा!" पहिल्या खेपेला माझं कपाळच निळं झालं. तिसऱ्या खेपेला टिपूसही गळला नाही, तेव्हा दाजी पोरीची सोयरीक जमल्यासारखे नाचले.

नरसिंह जयंतीला निघालो. आई कितीतरी वर्षांनी पोटभर पाणी पिऊन प्रवासाला बसली. वाटेत दोनदा कोपऱ्यातलं दार लावून आली आणि पोखर्णीला उतरली ती टवटवीत.

दर्शन करून परत येतो तर गाडीपाशी यात्रेकरू बायांची रांग! हातात घागरी, कळशा. पाणीटंचाईचे दिवस, आणि भंगारातला तो पत्रा होता जुन्या टँकरचा. दाजींनी गळती तीनदा तपासली, पण त्यावरची 'पिण्याचे पाणी' ही ठळक अक्षरं रंगानं झाकायची राहून गेली होती.

"मावशी, ह्यात पाणी न्हाई," दाजी तोटीसमोर हात पसरून उभे राहिले.

"मंग काय हाय? आमाला द्यायचं न्हाई म्हणा की!"

सासूसमोर दाजी काय सांगणार? एकीनं तोटीला हात घातला, आणि जावयासमोर चार शब्दही न बोलणारी माझी आई एकदम कडाडली, "अगं, हात लावू नका! संडासाची टाकी हाय ती. माज्या जावयानं माज्यासाठी केली!"

मग जो हशा उठला! आई स्वतःच पोट धरून हसत होती. हसू ओसरल्यावर एक म्हातारी तिच्याजवळ सरकली. "बाई, यात्रेला आले म्हणून मी बी कालपासून पाणी पिले न्हाई. आत जाऊन येऊ का?"

आईनं दार उघडून दिलं. घागरी बाजूला राहिल्या, रांग मात्र तशीच राहिली. सांजेपर्यंत आई दारापाशी बसून एकेकीला आत सोडत होती, आणि दाजी लांब, पाठ करून उभे होते. गावाबाहेर खड्डा खणून टाकी दोनदा रिती करावी लागली. दाजींनी कुरकुर केली नाही. मला त्या दिवशी त्यांचा लय अभिमान वाटला.

आई पुढं चार वर्षं जगली आणि चारही वर्षं पोखर्णीला गेली. ती मोटार कधीच मोडीत निघाली.

तेराव्यानंतर आम्ही परत निघालो. आक्कानं माझ्या बायकोपुढं पाणी धरलं. ती संकोचून म्हणाली, "नको, लांबचा रस्ता आहे." आक्का म्हणाली, "पी गं. ह्यांच्या घरातून बाई तहानलेली निघत न्हाई."

ती प्यायली. वाटेत मी दोनदा गाडी थांबवली, तिनं सांगायच्या आधी.